कयाक उलटली तरी पेटेल असा फायर स्टार्टर: निवड, पॅकिंग आणि घरच्या बादलीतली टेस्ट

कयाकिंगच्या सामानावर बोलायला बसलं की पॅडल कुठलं, ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) किती लिटरची, लाइफ जॅकेटला खिसे किती यात तास जातो, आणि विस्तवाचं निघालं की "लायटर आहे रे खिशात" एवढ्यावर विषय मिटतो. ट्रेकला हे चालून जातं. पाण्यावर नाही चालत, कारण इथे विस्तवाची खरी गरज नेमकी तेव्हाच पडते जेव्हा तुम्ही, तुमचा खिसा आणि खिशातला लायटर असे तिघंही पाण्यात जाऊन आलेले असता. म्हणून निवडीचा नियम मी एकच ठेवलाय: बोट उलटलीय, पोहत काठाला लागलोय, बोट हाताशी नाही, बोटं बधिर झालीत, वर संध्याकाळ होत आलीय, अशा वेळी जी वस्तू पेटेल ती घ्यायची. दुकानात कोरड्या हाताने मस्त पेटते म्हणून काही घ्यायचं नाही.

"आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते" हा प्रश्न येतोच. बर्फ नाही पडत हे खरंय, पण ओल्या अंगाला वारा लागला की कुडकुडायला बर्फ लागत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, त्यामुळे बराच वेळ पाण्यात काढून बाहेर आलेला माणूस डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी तापोळा-बामणोलीच्या बाजूला चांगलाच गारठतो. कोयनेचा शिवसागर जलाशय सुमारे 50 किलोमीटर लांब, त्याला इतके फाटे फुटलेत की एखाद्यात आत शिरलात की गाव दिसत नाही, फोनची रेंज जाते आणि अंधार पडल्यावर तिकडे लाँच फिरकेल याची काही खात्री नाही. मुळशी, पवना, भंडारदरा इथे माणसं जवळ असतात, तरी रात्री ओल्या कपड्यात काठावर बसायची वेळ आली की माणसं जवळ असून फार उपयोग नसतो. हे सगळं मी मुख्यतः असल्या बॅकवॉटरच्या मुक्कामी ट्रिपा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, खाडी आणि समुद्रवाल्यांना खारं पाणी वेगळं नडतं ते जागोजागी येईलच.

आधी ठरवा, पेटवायचंय का आणि कुठे

विस्तवाचा नंबर तिसरा. पहिला कोरडे कपडे, दुसरा आडोसा. ओल्या माणसाला आधी कपडे बदलायला लावा, कानटोपी घाला, वाऱ्याच्या आड बसवा, बुडाखाली मॅट नाहीतर लाइफ जॅकेट टाका कारण गार जमीन पण उष्णता खेचते, वरून इमर्जन्सी ब्लँकेट किंवा ताडपत्री गुंडाळा. एवढं केलं की निम्मी लढाई झाली, आणि मग विस्तव निवांत पेटवता येतो. बोलताना जीभ अडखळायला लागली, साधी झिप लावता येईना, किंवा थरथर थांबून माणूस एकदम सुस्त पडला, तर शेकोटीवर विसंबू नका, 112 लावा, रेंज नसेल तर कोणालातरी रेंजच्या जागी पिटाळा.

मग कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 30 ने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडून जायला बंदी आहे, राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 लागतं. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याची परवानगी काढून दिवसा जाऊन यायचं असतं, मुक्काम नाही, त्यामुळे त्या काठावर हौसेची शेकोटी हा विषयच नको. किट जवळ असणं वेगळं आणि फोटोसाठी जाळ करणं वेगळं. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीत वणव्याचे महिने, एक ठिणगी आणि अख्खा डोंगर काळा, तेव्हा या दिवसात गवताच्या जवळपास सुद्धा पेटवू नका. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर असल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि उजेडाने पिल्लांची दिशा चुकते, सीझनमध्ये तिथे रात्रीची आग नको. तिवरं, म्हणजे खारफुटी, तोडून जळण करायचं तर डोक्यात पण आणू नका, ती संरक्षित आहेत.

बॅकवॉटरला एक चांगली सोय असते. पाणी उतरत गेलं की काठाला उघड्या गाळाचा आणि मुरमाचा पट्टा राहतो, तिथे गवत नसतं, पाणी दोन पावलांवर असतं. पेटवायचंच असेल तर तिथे. तिथल्या गाळपेरीच्या शेतात मात्र घुसू नका, कोणाचा तरी हरभरा असतो तो.

पेटवणार कशाने

लायटर, काड्या, आणि फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या पडणारी धातूची कांडी. बाकी सगळं या तिघांच्या मागे.

साधा गॅसचा चाकवाला लायटर हा माझ्या मते अजूनही पहिला नंबर, जंगलात कमीत कमी सामानात राहायचं कसब शिकणारे बुशक्राफ्टवाले कितीही नाकं मुरडोत. कारण तो ठिणगी नाही, तयार ज्योत देतो, एका हाताने चालतो, आणि ओल्यासुक्यात पाच-दहा सेकंद धरून ठेवता येतो. भिजला की बंद पडतो हे खरं, पण मेलेला नसतो. त्याच्या चाकात आणि खड्यात पाणी शिरलेलं असतं, म्हणून ठिणगी पडत नाही, गॅसला काहीच झालेलं नसतं. जोरात झटका, फुंकर मारा, मग चाक कोरड्या कापडावर नाहीतर केसांवर पुन्हा पुन्हा फिरवा, काही मिनिटांनी ठिणगी येते. अडचण ही की तेव्हा कोरडं कापड कुठून आणणार, म्हणून लायटर मुळात भिजूच द्यायचा नाही, ते पॅकिंगमध्ये सांगतो.

लायटर घेताना पारदर्शक घ्या, गॅस किती उरलाय ते दिसतं. चाकावर मुलांना पेटवता येऊ नये म्हणून लावलेली लोखंडी पट्टी असेल तर बधिर अंगठ्याने तो फिरवणं अवघड जातं, दुकानातच जोर लावून बघा. रस्त्यावर मिळणारे एकदम स्वस्त लायटर टाळा, त्यांचा गॅस हळूहळू गळतो. कुठलाही लायटर घेतला तरी बटणाच्या खाली एक झिप टाय नाहीतर रबर अडकवा, म्हणजे बॅगेत दाबला जाऊन गॅस उडून जाणार नाही. आणि भर उन्हात कयाकच्या डेकवर किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर सोडू नका, 50 डिग्रीच्या वर तापू देऊ नका असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं. लडाखला झंस्कारवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, लायटरमधल्या ब्युटेन गॅसचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरा खाली आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीत तो वायू होतच नाही, रात्री लायटर जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा.

जेट लायटर, ज्याची निळी सुईसारखी ज्योत वाऱ्यात विझत नाही, तो दिसायला भारी पण त्यातली खटका मारून ठिणगी काढणारी यंत्रणा दमट हवेत आणि उंचीवर दगा देते, गॅस पण भराभर खातो. एकमेव म्हणून नको. यूएसबीवर चार्ज होणारा प्लाझ्मा लायटर तर पाण्यावरच्या ट्रिपला नकोच, चार्जिंग संपलं की संपला, पाणी शिरलं की संपला. पेट्रोलवाला झाकणाचा लायटर चार-सहा दिवसात आपोआप सुकतो. आणि किचनमधला गॅस लायटर बरेच जण स्टोव्हसाठी आणतात, आणा, पण त्याच्या ठिणगीने कापूस पेटत नाही एवढं माहीत असू दे.

काड्यांचं बघू. घरातल्या काडेपेटीची गंमत अशी की काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि पेटीच्या बाजूच्या पट्टीत लाल फॉस्फरस, दोघं घासले तरच पेटतं. म्हणजे काडी कोरडी ठेवून भागत नाही, पट्टी पण कोरडी पाहिजे, आणि आधी भिजते ती कागदावरची पट्टीच. वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टॉर्म मॅचेस खरंच वाऱ्यात जळतात, एक एक काडी पंधराएक सेकंद टिकते, पेटती काडी पाण्यात बुडवून काढली तर पुन्हा धरते असले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पण त्यांनाही पट्टी लागतेच, आणि लोक नेमकी ती विसरतात. म्हणून पट्ट्या दोन ठेवा, वेगवेगळ्या डब्यांत. काड्यांना नेलपॉलिश किंवा मेण लावायचा घरगुती उपाय दमटपणापुरता ठीक, डुबकी मारली तर भरवसा नाही. मेणाच्या काड्या आपल्या उन्हात वाकतात, मग घासताना मोडतात.

आता फेरो रॉड. ही सेरियम, लँथनम, लोखंड, मॅग्नेशियम अशांच्या मिश्रधातूची कांडी, 1903 मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी या जातीच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं, आणि लायटरमधला छोटा खडा पण त्याच जातीचा असतो. खरवडली की निघणारे कण हवेत जळून 3000 डिग्रीच्या आसपास जातात. पाण्यातून काढा, पुसा, खरवडा, ठिणगी हजर. गॅस संपत नाही, पट्टी भिजत नाही, उंचीचा फरक पडत नाही. मग पहिला नंबर हिला का नाही? कारण ठिणगी म्हणजे ज्योत नव्हे. ठिणगी ज्यावर पडेल ते एकदम बारीक, कोरडं आणि फुललेलं पाहिजे, आणि हात थरथरत असताना नेम धरून खरवडायला सराव लागतो. ज्याने घरी कधी पेटवलं नाही तो काठावर पहिल्यांदा पेटवेल हे होत नाही. तेव्हा लायटर आणि फेरो रॉड दोन्ही, एकाच्या जागी दुसरं नाही.

घेताना बारीक काडीसारखी नको, निदान 8 ते 10 मिलिमीटर जाडी आणि बोटभर लांबी बघा, ओल्या हाताच्या पकडीत ती बसली पाहिजे. नुसत्या गोंदाने चिकटवलेला दांडा उन्हातान्हात निघून येतो, आरपार भोक असलेली किंवा दोरी ओवलेली बरी. बरोबर येणारी पत्र्याची पट्टी बऱ्याचदा टुकार असते, तिच्या कडेने ठिणग्यांचा पाऊस न पडता नुसता रंग खरवडतो. नवीन कांडीवर काळा थर असतो तो आधी काढून टाकावा लागतो, त्यात पण लोक "बोगस माल दिला" म्हणून रिटर्न करतात. मोडलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सगळ्यात मस्त काम करतो, त्याच्या एका टोकाला टेप गुंडाळा. समुद्र आणि खाडीवाल्यांनो, ही कांडी खाऱ्या पाण्याने खाल्ली जाते, महिनाभर ओल्या खारट खिशात पडून राहिली तर पांढरट भुकटी सुटायला लागते. ट्रिपवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, हलका तेलाचा हात.

मॅग्नेशियमचा ठोकळा, भिंग वगैरे प्रकारांवर शब्द घालवत नाही. ठोकळ्यावरून भुगा खरवडायला निवांत वेळ आणि वारा नसलेली जागा लागते, भिंगाला ऊन लागतं, आणि आपली गरज असते ती संध्याकाळी सातला.

ठिणगी पडणार कशावर

खरी हार-जीत इथे होते. लोक महागडी कांडी घेतात आणि टिंडर, म्हणजे ठिणगी धरणारं बारीक जळण, "तिथे मिळेल की" म्हणतात. तिथे दव पडलेलं असतं.

कापूस आणि पेट्रोलियम जेली हा जगभर चालणारा उपाय, आणि तो उगाच नाही चालत. औषधाच्या दुकानातला शंभर टक्के कापूस घ्या, सिंथेटिक गोळे नकोत, ते वितळतात. अर्ध्या भागात जेली चोळा, अर्धा कोरडा ठेवा, वापरताना ओढून फुलवा, कोरड्या तंतूंवर ठिणगी धरते आणि जेलीवाला भाग चारेक मिनिटं जळत राहतो. याची एकच भानगड, आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात जेली पातळ होऊन डब्यातून पाझरते आणि सगळी बॅग चिकट करते. म्हणून उन्हाळ्यासाठी मेणवाल्या चकत्या करा: मेकअप काढायच्या कापसाच्या गोल चकत्या, दिवाळीत उरलेल्या मेणबत्त्या एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्यात ठेवून वितळवायच्या, थेट गॅसवर नाही, चिमट्याने चकती बुडवून कागदावर वाळवायची. थोडी कडा कोरडी सोडा. वापरताना मधून फाडायची, आतले तंतू उघडे पडतात. बुडवून काढली तरी झटकून पेटते. माझं मत विचाराल तर बॅकवॉटरसाठी यापेक्षा चांगलं काही विकत मिळत नाही.

कापूर आपल्या घरात असतोच. ज्योत दाखवली की लगेच पेटतो, पाण्यावर तरंगत असताना पण जळतो, मागे राख नाही. फक्त तो उघडा राहिला की उडून जातो, चार महिन्यांनी डबी उघडली तर अर्धी रिकामी, तेव्हा घट्ट झाकणात ठेवा आणि दर सीझनला बदला. एकटी वडी लवकर संपते, तीन-चार वड्या एकत्र लागतात. नुसत्या ठिणगीने वडी धरेल या भरवशावर राहू नका, चुरून कापसात मिसळा. पोटात गेला तर विषारी आहे, लहान मुलं बरोबर असतील तर डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

पूजेच्या दुकानात तुपातल्या तयार फुलवाती मिळतात, त्या विस्तव लावायला नाही पण ज्योत टिकवायला कामाच्या. लायटर सतत धरून ठेवण्यापेक्षा करवंटीत एक फुलवात लावून ठेवली तर तीन वेळा चूल विझली तरी लायटरचा गॅस वाचतो. वाऱ्यात मात्र ती दोन सेकंदही टिकत नाही.

सैनिकी स्टोव्हसोबत मिळणाऱ्या हेक्सामिनच्या, म्हणजे घट्ट इंधनाच्या, वड्या पण चांगल्या, 14 ग्रॅमची वडी बारा मिनिटांच्या आसपास जळते. ठिणगीने पेटत नाहीत, ज्योत लागते, आणि धूर नाकातोंडात घ्यायचा नाही, तंबूत तर अजिबात नाही. सायकलच्या ट्यूबचे बोटभर तुकडे ओले असले तरी पेटतात आणि ओलं काटूक सुद्धा धरायला लावतात. धूर काळा आणि घाणेरडा, त्यावर स्वयंपाक नको, पण जीवावरची वेळ असेल तर दोन तुकडे खिशात असावेत.

काठावर काय मिळतं तेही ओळखून ठेवा. कोकणात नारळाच्या सोडणाचं आतलं काथ्याचं लव, वाळकी झावळी, पोय, करवंटी म्हणजे सोन्याहून पिवळं. झावळीची चूड बांधली की वाऱ्यात पण जळते. सावरीच्या बोंडातला कापूस एप्रिल-मेच्या सुमारास उडतो, पूर्वी चकमकीची ठिणगी अशाच कापसावर धरायचे, पण तो क्षणात भुर्र होतो, एकटा कामाचा नाही. काजूच्या टरफलात तेल असतं, जोरात जळतात, पण त्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते आणि धूर डोळ्यांना झोंबतो, हात लावू नका, लांबून टाका. वाळलेली गोवरी बांधाजवळ दिसली तर विचारून घ्या, गोवरी पेटायला उशीर लावते पण एकदा धरली की धग टिकते. अमेरिका-कॅनडात कॅनू घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींना बर्चची साल मिळते, ती ओली असली तरी आतल्या तेलामुळे पेटते, फक्त जिवंत झाडाची सोलू नका, आणि मिनेसोटातल्या बाउंड्री वॉटर्समध्ये आग ठरलेल्या कॅम्पसाइटवरच्या लोखंडी जाळीतच करायची असते.

पेट्रोल, रॉकेल, सॅनिटायझर ओतून पेटवणं, हे नको म्हणजे नको. सॅनिटायझरची ज्योत दिवसा दिसत पण नाही, लोक विझलं समजून पुन्हा ओततात आणि ज्योत बाटलीपर्यंत चढते.

ठेवायचं कुठे

तीन ठिकाणी, आणि तिन्ही एकमेकांपासून लांब.

पहिलं अंगावर. लाइफ जॅकेटच्या झिपवाल्या खिशात, दोरीने बांधलेलं. बोट गेली तरी हे तुमच्याबरोबर राहतं, म्हणून सगळ्यात चांगला माल इथे: एक छोटा लायटर, एक फेरो रॉड, चार मेणाच्या चकत्या. डब्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची नळी असते ना, तिच्या झाकणात ओलावा शोषणारे दाणे असतात, तिच्यात फेरो रॉड आणि चकत्यांची सुरळी छान बसते. पण ती पाण्याखाली धरली की आत पाणी जाऊ शकतं, म्हणून आत आधी छोटी झिपलॉक पिशवी, मग नळी, झाकणावरून इन्सुलेशन टेपचे दोन वेढे, टोक दुमडून ठेवा म्हणजे बधिर बोटांनी ओढता येईल. हे दुमडणं छोटं वाटतं पण टेपचं टोक नखाने शोधत बसायची वेळ कोणावर येऊ नये. लायटर वेगळ्या झिपलॉकमध्ये, त्याच्यावर कापडी टेपचे चार-पाच वेढे गुंडाळा, ती टेप फाडून पेटवता पण येते.

पूर्वी जाड स्ट्रॉमध्ये जेलीवाला कापूस भरून दोन्ही टोकं लायटरने चिकटवायचे, झकास एकेकटे डोस व्हायचे. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी आली, कागदी स्ट्रॉ त्या कामाची नाही, त्यामुळे आता औषधाच्या छोट्या बाटल्या. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या प्लास्टिक बाटल्या धुवून वाळवून ठेवा.

दुसरं बोटीत, ड्राय बॅगच्या आत अजून एका पिशवीत. इथे जास्तीचं टिंडर, स्टॉर्म मॅचेस, दुसरा लायटर, आणि मूठभर अगदी कोरड्या काटक्या घरूनच आणलेल्या, हो घरूनच. पेन्सिलएवढ्या सागाच्या किंवा बांबूच्या ढलप्या सुताराकडे फुकट मिळतात. तिसरं स्वयंपाकाच्या पिशवीत रोजच्या वापराचा लायटर, हा वापरायचा आणि हरवायचा. रोजच्या चहासाठी अंगावरच्या किटला हात लावायचा नाही, ग्रुपमध्ये कोणी सिगरेट ओढणारा असेल तर त्याला तर किट दाखवू पण नका.

विमानाने जात असाल तर लायटर, काड्या, हेक्सामिन, गॅस कॅनिस्टर काहीच बरोबर नेऊ नका, उतरल्या गावी घ्या, फेरो रॉडबद्दल पण एअरलाइनला आधीच विचारून ठेवलेलं बरं. रेल्वेत गॅस आणि इंधन नेणं गुन्हा आहे, रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली शिक्षा होते.

बादलीची टेस्ट

हे वाचून सामान मागवाल आणि तसंच बॅगेत टाकाल, तसं करू नका. घरच्या गच्चीवर एक संध्याकाळ द्या. वाळूची किंवा पाण्याची बादली शेजारी, अंगात सुती कपडे, पोरंबाळं लांब.

पॅक केलेलं अंगावरचं किट जसंच्या तसं अर्धा तास बादलीत बुडवा, वर दगड ठेवून. काढून उघडा, आत एक थेंब दिसला तर पॅकिंग नापास, पुन्हा करा. मग दुसरी पायरी, लायटर आणि फेरो रॉड उघडे पाण्यात बुडवा, काढा, आणि घड्याळ लावून बघा पुन्हा ठिणगी यायला किती वेळ लागतो. तिसरी पायरी लोकांना छळ वाटते पण तीच महत्त्वाची: बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात मिनिटभर धरा आणि मग डबा उघडून चकती पेटवा. डबा उघडेना? मग तो डबा बदला, तुम्ही नाही. चौथी, टेबल फॅन मध्यम स्पीडवर लावा. पाचवी, एकाच हाताने, आणि तोही डावखुरे नसाल तर डावा. फेरो रॉडची एकहाती पद्धत अशी की कांडीचं टोक चकतीत जमिनीवर टेकवायचं, पट्टी पायाने दाबून स्थिर धरून कांडी मागे ओढायची, पट्टी पुढे ढकलली तर चकती उडून जाते. दोन हात असले तरी पट्टी स्थिर आणि कांडी मागे, हीच सवय लावा.

ग्रुपमधल्या प्रत्येकाने करायचं. एकच माणूस एक्स्पर्ट आणि नेमका तोच गारठला तर बाकीचे बघत बसणार का.

काठावर प्रत्यक्ष

घाई नको. आधी सरपण, मग ठिणगी. टिंडर पेटवून काटक्या शोधायला पळणारे बरेच दिसतात, परत येईपर्यंत खेळ खलास.

जमिनीवर पडलेलं लाकूड ओल धरून असतं, झाडाला अडकलेल्या वाळक्या फांद्या, झुडपाच्या पोटातल्या काटक्या घ्या, ज्या मोडताना कट् असा आवाज करतात. नुसत्या वाकल्या तर ओल्या. मनगटाएवढं लाकूड कोयत्याने उभं चिरा, पावसात भिजलेल्या लाकडाचं सुद्धा आतलं बऱ्याचदा कोरडं निघतं, आतल्या भागाच्या पातळ ढलप्या काढा. काडीएवढ्या दोन मुठी, पेन्सिलएवढ्या दोन मुठी, अंगठ्याएवढं एक कवळं, एवढं हाताशी आल्याशिवाय लायटर काढू नका.

चुलीला पाण्यातले दगड लावू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात, तुकडे उडतात. ओल्या गाळावर चार-पाच जाड काटक्या शेजारी शेजारी टाकून फळी करा, त्यावर टिंडर, म्हणजे खालची ओल वर येत नाही. वाऱ्याकडे पाठ करून बसा, तुम्हीच आडोसा. चकती पेटली की काडीएवढ्या काटक्या तिरक्या, हवा खेळेल अशा, मग वाढवत जा. फुंकर मारायची ती बुडाशी, लांब आणि हळू, फुंकणीसारखी, वरून भस्सकन नाही. आणि लाइफ जॅकेट आधी काढून लांब ठेवा, नायलॉनवर एक ठिणगी पडली की भोक, परतीला तेच घालायचंय. ओल्या माणसाला जाळाच्या अगदी जवळ खेटून बसवू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचं वाहून आलेलं लाकूड शेकायला ठीक, पण त्यात मीठ असतं, धुरात बसू नका आणि त्यावर मासे भाजू नका.

विझवताना माती ढकलून निघून जाऊ नका, मातीखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी, मग उलटा हात जवळ नेऊन बघा, धग लागली तर अजून ओता, पाणी शेजारीच आहे. गार राख पसरून टाका.

घरी आल्यावर सगळे डबे उघडून वाळत टाका, भिजलेला कापूस "अजून चालेल" म्हणून परत भरू नका, लायटर हलवून गॅस बघा, स्टॉर्म मॅचच्या पट्टीवर हात फिरवून ती मऊ पडली नाही ना ते तपासा, कापूर दर पावसाळ्यानंतर नवा. डब्यावर मार्करने भरल्याची तारीख टाका, आणि पुढच्या ट्रिपच्या आदल्या रात्री एक चकती गच्चीत पेटवून बघा, जुन्या मालातलीच.